चारशे ऐंशी किलो

दुसरं इंजिनही मेलं, तेव्हा पुण्याची माणसं यायला अठरा दिवस उरले होते.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत श्रेणिक मगदूम यांची फौंड्री आहे. तिच्या मागच्या शेडमध्ये लोखंडी टेबलावर त्या इंजिनाची आतडी काढून मांडली होती. आकाराम मिस्त्रींनी आतलं एक बेअरिंग चिमटीत धरून उजेडाकडं केलं. बेअरिंग म्हणजे चंद्रकोरीसारखी पातळ पट्टी. ती चांदीसारखी झळकायला हवी होती, पण काळीनिळी पडून कडेनं पापडासारखी मोडत होती.

"त्येच," मिस्त्री म्हणाले. "पयल्याला झालतं त्येच. तेलाविना कोरडं फिरलंय."

क्रांती देसाई टेबलाच्या पलीकडं उभी होती. तिनं ती पट्टी हातात घेतली, उलटी केली, परत ठेवली. पहिलं इंजिन गेलं तेव्हा तिनं जुन्या मालाला दोष दिला होता. आता दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं.

क्रांती गारगोटीकडची. पुण्यात मोठ्या मोटार कंपनीत तिनं अकरा वर्षं गाड्यांचे सांगाडे आखले. तिथं दर नवी गाडी आधीच्या गाडीपेक्षा जड व्हायची आणि ते तिला सलायचं. तिच्या डोक्यात एकच गाडी होती. दोन माणसांची, उघडी, जमिनीला चिकटून धावणारी. गगनबावड्याच्या घाटात वळणामागून वळण घेताना अंगातल्या सदऱ्यासारखी वाटेल अशी. सगळी मिळून चारशे ऐंशी किलो. हे तिनं एकदा एका प्रदर्शनात श्रेणिकअण्णांना सांगितलं. पंचावन्न वर्षांचे अण्णा तोवर पंपांचे आणि ट्रॅक्टरचे भाग ओतत आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "शेड रिकामी आहे. ये."

त्याला तीन वर्षं झाली होती. नळ्यांचा सांगाडा झाला, फायबरचं अंग झालं, चाकांचे हात अण्णांनी स्वतः अॅल्युमिनियममध्ये ओतले. घोडं अडलं ते इंजिनावर.

वाटा तीन होत्या. विजेची मोटर घ्यावी तर नुसत्या बॅटरीचं वजन दोनशे किलो. ती वाट क्रांतीनं पहिल्याच आठवड्यात बंद केली. दुसरी वाट अण्णांची. छोट्या घरगुती गाडीत असतं ते तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन. गुणी, सोशिक, वर्षानुवर्षं चालणारं, पण गिअरबॉक्ससकट एकशे तीस-पस्तीस किलोचं गाठोडं. अण्णांनी एक आणूनही ठेवलं होतं. ते शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होतं. तिसरी वाट क्रांतीची. मोठ्या शर्यतीच्या मोटरसायकलचं चार सिलिंडरचं इंजिन. गिअरबॉक्स पोटातच, वजन त्याच्या निम्म्याहून कमी आणि मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांपर्यंत किंचाळत जाणारं. अपघातात मोडलेल्या मोटरसायकलींची अशी इंजिनं बेंगळुरूला मिळत.

"बाईकचं इंजिन बाईकलाच शोभतं," अण्णा तेव्हा म्हणाले होते.

"आणि तुमचं ते इंजिन बसवलं तर ही गाडी राहणार न्हाय अण्णा, टेम्पो होईल."

अण्णांनी मग विषय सोडला. क्रांतीनं पुण्याच्या एका मोटार कंपनीला पत्र लिहिलं, त्यात ठळक अक्षरांत घातलं: वजन चारशे ऐंशी किलो. त्या एका आकड्यावर पुण्याची माणसं कोल्हापूरला यायला तयार झाली. गाडी त्यांना पसंत पडली तर ती त्यांच्या नावानं विकली जाणार होती आणि बनणार होती शिरोलीत. शेडमधली पाच माणसं त्या दिवसाकडं डोळे लावून होती.

पण त्या इंजिनाला एक रोग होता. मोटरसायकल वळणावर कलते, त्यामुळं तिच्या इंजिनाच्या तळाचं तेल तळालाच राहतं. गाडी कलत नाही. ट्रॉलीत पाण्याचं पिंप ठेवून ट्रॅक्टर जोरात वळवला की पाणी एका अंगाला चढतं, तसं लांब वळणात तेल एका कडेला चढायचं. पंपाचं तोंड उघडं पडायचं. मग तेलाऐवजी हवा, आणि अकरा हजार फेऱ्यांवर हवा म्हणजे मरण.

"तेल वेगळ्या टाकीत ठेवायचं," क्रांती म्हणाली. "बाहेरून दोन पंप लावायचे. मग कुठल्याही वळणात दाब पडणार नाही."

"किती दिवस लागतील?" अण्णांनी विचारलं.

"पंप यायला पाच आठवडे."

अण्णांनी कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडं पाहिलं. क्रांतीनं ते पाहिलं, आणि घाईनं मिस्त्रींकडं वळली. "मामा, तेलाच्या तळात आडव्या पट्ट्या मारल्या तर? खण पाडायचे. तेल एका अंगाला पळालंच न्हाय पायजे."

आकाराम मिस्त्रींनी चाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनं खोलण्यात घालवली होती. त्यांनी मान डोलावली. पण होकार देणाऱ्या माणसासारखी नाही. "मारू की. पट्टीनं तेल थांबतं थोडं. पुरतं अडतंय का, ते बघाय पायजे."

तिसरं इंजिन बेंगळुरूहून आलं. मिस्त्रींनी तळात चार पट्ट्या वेल्ड केल्या, मध्ये एका बाजूनंच उघडणाऱ्या झडपा बसवल्या. सात दिवस गेले. उरले अकरा.

*

गाडी चालवायची ती मोना. क्रांतीची धाकटी बहीण, एकोणतीस वर्षांची. सोळाव्या वर्षापासून गो-कार्टच्या शर्यती धावलेली, दोनदा राज्यात पहिली आलेली. बोलणं रोखठोक, जेवण पैलवानाचं. गाडीत बसली की मात्र एकदम शांत व्हायची, जणू देवघरात बसली आहे. पहिली दोन्ही इंजिनं तिच्याच हाताखाली गेली होती, पण दोन्ही वेळा वळण ओलांडून पुढं सरळ रस्त्यावर, आणि तिनं गाडी अलगद कडेला आणून उभी केली होती.

कागलकडच्या माळावर एका हौशी कारखानदारानं खासगी ट्रॅक बांधला आहे. तिथं सकाळी आठला मोना तिसऱ्या इंजिनावर निघाली. ट्रॅकच्या टोकाला डावीकडचं एक वळण आहे, संपता न संपणारं. तिथली पोरं त्याला लांबका म्हणतात. गाडी त्या लांबक्यात शिरली, इंजिन वरच्या पट्टीत रडू लागलं आणि गाडी दुसऱ्या टोकानं जशीच्या तशी बाहेर पडली. एक फेरी, दुसरी, तिसरी. शेडमधून आलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली. मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

मोना उतरली तेव्हा तिचं तोंड फुललं होतं. "आक्का, लोण्यातनं सुरी चालल्यागत जातीया. उद्या पुरता जोर लावतो बघ."

क्रांतीनं गाडीला लॅपटॉप जोडला. तेलाच्या दाबाची रेघ पडद्यावर आली. सरळ, सरळ, सरळ, आणि लांबक्यात एक खड्डा. पाऊण सेकंदाचा. दुसऱ्या फेरीतही तिथंच. तिसऱ्या फेरीत थोडा जास्त खोल.

पट्ट्यांनी तेल थोडं थांबत होतं, पुरतं अडत नव्हतं.

"काय म्हणतोय दाब?" मोनानं हेल्मेट काखेत मारून विचारलं.

पुढं कित्येक दिवस क्रांती या क्षणाकडं परत परत येत राहिली. तेव्हा तिच्या मनात काय होतं? मोनाला फसवायचं, असं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं फक्त अकरा दिवस होते, आणि पत्रातला तो आकडा. खरं बोललं तर आजच सगळं संपत होतं. पाऊण सेकंद म्हणजे काय, एवढंसं. उद्याच्या पाच फेऱ्या निघाल्या, तेवढे आकडे मिळाले, की मग बघू. पुण्याच्या लोकांपुढं तर आठच फेऱ्या मारायच्या. आठ फेऱ्या इंजिन टिकेल. टिकायलाच पाहिजे.

"ठीक हाय," ती म्हणाली. "एका ठिकाणी रेघ हलतीया. वायर सैल असंल. सेन्सरची."

"बघ तेवढी," मोना म्हणाली आणि पाण्याच्या बाटलीकडं गेली.

*

दुसऱ्या दिवशी चौथ्या फेरीत ते झालं.

क्रांती लांबक्याच्या आतल्या बाजूला कुंपणापाशी उभी होती. गाडी वळणात शिरली. इंजिनाचा आवाज चढत चढत वर गेला आणि कुणी तोंडावर हात दाबावा तसा मधेच बंद पडला. मागची चाकं जागच्या जागी जाम झाली. टायर ओरडले. गाडीची मागची बाजू पुढं आली, ती आडवी होऊन गवतावरून घसरत गेली आणि डाव्या कुशीनं मातीच्या बांधावर आदळली. धूळ उडाली. नंतर काहीच आवाज नव्हता, एक टिटवी तेवढी ओरडत होती.

क्रांती धावली. आपण काय ओरडतोय हे तिला कळत नव्हतं. मोना शुद्धीवर होती. हेल्मेटच्या काचेतून तिचे डोळे मोठे दिसत होते आणि ती एकच सांगत होती.

"आक्का, क्लच दाबलता मी. दाबलता. हात लावू नको, पाय... पायाला हात लावू नको."

अॅम्ब्युलन्स यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ क्रांती बांधाच्या मातीत गुडघे रोवून, बहिणीचा हात धरून बसली. मोनाची बोटं गार पडत चालली होती. आकाराम मिस्त्री आपल्या शर्टानं तिच्यावर सावली धरून उभे होते.

कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, डाव्या मांडीचं एका ठिकाणी. सात तास शस्त्रक्रिया चालली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा म्हणाले, जीव वाचला आहे, नसा शाबूत आहेत. तीन महिने पाय टेकवायचा नाही. पुढं चालेल, पण पहिल्यासारखी चालेल का, हे आज सांगता येणार नाही.

संध्याकाळी गारगोटीहून आई आली. धोंडुबाईंनी धाकटीला काचेतून बघितलं, पदरानं तोंड पुसलं आणि थोरलीजवळ बाकावर येऊन बसल्या.

"कसं झालं गं?"

"इंजिन अडकलं आई. मधीच जाम झालं."

"यंत्राचं काय सांगावं, बाई," म्हणत आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू काय करणार? तू जेवलीस का न्हाईस सकाळधरनं?"

त्या हाताखाली क्रांती दगडासारखी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मोनाला बोलता येऊ लागलं. गोळ्यांच्या गुंगीत असायची, मधेच जागी व्हायची. दर वेळी तेच बोलायची. "आक्का, मी चुकलो काय गं? वळणात गिअर खाली टाकायला नको हुता. लई घाई केली काय मी? खरं सांग."

"न्हाय गं. झोप."

"मग कसं अडकलं? माझीच चूक असणार. पुण्याच्या लोकांसनी काय सांगणार आता तू?"

"झोप म्हटलं न्हवं."

क्रांती बाहेर येऊन जिन्यात उभी राही. दोन दिवस तिनं हे ऐकून घेतलं. दोन्ही दिवस सांगायचं म्हणून ती आत गेली आणि न सांगता बाहेर आली. पुण्याच्या दिवसाचा तिला विसर पडला होता असंही नाही. तोच विचार मधेच येई, आणि आला म्हणून तिला स्वतःची शिसारी येई. बहीण आत मोडून पडली आहे आणि आपण मनात दिवस मोजतोय.

चौथ्या दिवशी सकाळी मिस्त्री दवाखान्यात आले. मोनाला बघून झाल्यावर त्यांनी क्रांतीला आवारातल्या चहाच्या टपरीवर नेलं. खिशातून कागदाची पुडी काढून बाकावर उलगडली. आत तिसऱ्या इंजिनाचं बेअरिंग होतं.

"पोरी, ह्ये बघ. ह्ये एका दमात मेल्यालं न्हाय. हितं एक थर जळलाय, त्येच्यावर दुसरा. आदल्या दिशीच ह्याला तहान लागल्ती." ते जरा थांबले. "तुझ्या त्या डब्यात दिसलं असंल की."

क्रांतीनं चहाचा पेला बाकावर ठेवला.

"दिसलं हुतं का न्हाय?"

"दिसलं हुतं मामा."

मिस्त्रींनी पुडी बांधली. ते रागावले नाहीत, आणि तेच तिला सोसवेना. "मी कुणाला सांगणार न्हाय," ते म्हणाले. "पर त्या पोरीला वाटतंय ती चुकली. ह्ये काय बरं न्हवं."

*

त्याच दुपारी तिनं सांगितलं. आई खाली औषधं आणायला गेली होती. क्रांती खाटेजवळच्या स्टुलावर बसली आणि शब्द जुळवायचा प्रयत्न न करता बोलली. दाब पडत होता, तिला दिसला होता, वायर सैल नव्हती.

मोना छताकडं बघत ऐकत होती.

"किती पडत हुता?"

"पाऊण सेकंद."

"एका फेरीत?"

"तिन्हीत."

"आणि तू मला वायर म्हणालीस."

"व्हय."

"मी आजपातूर तुला कवा इचारलं न्हाय," मोना म्हणाली. आवाज अगदी हलका होता. "तू बस म्हणालीस, बसलो. पळव म्हणालीस, पळवली. तू बघितलंयस म्हणजे झालं, असं हुतं माझं. मला सांगितलं असतंस तर मी लांबक्यात पाय उचलला असता. गाडी घिऊन आलो असतो कडंला. एवढंच हुतं की गं. एवढंच."

"मोना..."

"जा हितनं. आईला लावून दे. आणि परत येऊ नको, मी बोलवल्याबिगर."

क्रांती उठली. जिन्यात आई भेटली, औषधांची पिशवी हातात. क्रांतीनं तिलाही तिथंच, पायरीवर उभ्या उभ्या सगळं सांगितलं. धोंडुबाईंनी ऐकून घेतलं. या वेळी त्यांनी हात पुढं केला नाही. "वर जातो मी," एवढं म्हणून त्या कठड्याला धरत वर गेल्या.

*

क्रांती शेडमध्ये आली तेव्हा श्रेणिकअण्णा एकटेच होते. मोडकी गाडी एका कडेला ओढून ठेवली होती. क्रांतीनं त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "पुण्याला कळवा अण्णा. येऊ नका म्हणून. मी सोडतोय हे."

अण्णांचा चेहरा उतरला. ते सरळमार्गी माणूस होते. खोटं पचत नव्हतं त्यांना, आणि खोट्याबद्दल बोलताही येत नव्हतं. शेडच्या दारापर्यंत जाऊन ते परत आले.

"मी त्यांना कालच फोन केला होता. पुढची तारीख मागितली. ते म्हणाले, नंतर जमणार नाही. आले तर त्याच दिवशी, नाहीतर नाही." ते थांबले. "तू सोडलंस तर बाकीच्यांनी पण सोडायचं का, ते सांग. जोतीराम वेल्डर तीन वर्षं इथं आहे. त्यानं काय लपवलं?"

क्रांतीनं मोडक्या गाडीकडं पाहिलं.

"मोनाला तू काय ते बघ. त्यात मी बोलणार नाही, मला अधिकार नाही. पण राखीव म्हणून केलेला दुसरा सांगाडा तयार आहे, आणि ते इंजिन तीन वर्षं तिथं पडलंय." त्यांनी कोपऱ्याकडं बोट केलं. "सहा दिवस आहेत."

क्रांतीनं जाऊन ताडपत्री ओढली. धुळीनं तिला ठसका लागला. ते जाडजूड, भोळसर दिसणारं इंजिन ती इतके दिवस टाळत आली होती. त्याच्या तेलाचा तळ खोल होता, हजारो घरगुती गाड्यांखाली तपासलेला. हे पहिल्या दिवशी बसवलं असतं तर मोना आज पायांवर असती. तिनं खिशातून टेप काढली आणि मापं घ्यायला सुरुवात केली.

ते सहा दिवस तिला पुढं कधी नीट आठवले नाहीत. सांगाड्याची मागची बाजू कापावी लागली, कारण इंजिन मावत नव्हतं. जोतीरामनं नव्या नळ्या जोडल्या. इंजिन धरायचे कान अण्णांनी भर दुपारी बाकीचा माल थांबवून भट्टीत ओतून घेतले. पहिल्या ओतीत पोकळी निघाली, म्हणून ते फोडून पुन्हा ओतले. मागचे स्प्रिंग वजनाखाली बसले, ते बदलले. रोज सकाळी क्रांती दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायची, आईला फोन करून मोना कशी आहे विचारायची, वर न जाता परत फिरायची. आई सांगायची, "खाल्लं थोडं," किंवा "रडली आज," आणि फोन ठेवायची.

सहाव्या दिवशी गाडी चार वजनकाट्यांवर उभी केली. मिस्त्रींनी आकडे वाचले, क्रांतीनं बेरीज केली. पाचशे एक्काहत्तर.

बिनरंगाचं, पांढरट फायबरचं अंग घालून ती गाडी तिथं उभी होती आणि प्रत्येकाला तो आकडा दिसत होता.

*

पुण्याहून तिघं आले. त्यांचे मुख्य अभियंता विजयसिंह शितोळे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून चाकांचे हात बघितले, ओतकामावर बोट फिरवलं. मग स्वतः हेल्मेट घातलं आणि ट्रॅकवर दहा फेऱ्या मारून आले. क्रांती कुंपणापाशी उभी होती. गाडी लांबक्यात शिरली की दर वेळी ती इंजिनाचा आवाज ऐकत होती.

शितोळे उतरले. "सांगाडा उत्तम आहे. स्टीअरिंग फार दिवसांनी असं मिळालं. पण हे ते इंजिन नाही. तुम्ही चारशे ऐंशी लिहिलं होतं."

"हो."

"का बदललं? पुरवठ्याची अडचण?"

उत्तर त्यांनीच हातात दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. अण्णा शेजारी उभे होते, मिस्त्री मागं. कुणीही तिला खोटं पाडलं नसतं.

"नाही," क्रांती म्हणाली. "त्या इंजिनाला वळणात तेल मिळत नव्हतं. दोन इंजिनं गेली. तिसऱ्यात दाब पडलेला मला दिसला होता आणि मी चालवणाऱ्याला तो सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी या वळणात इंजिन जाम झालं. माझी बहीण होती गाडीत. ती दवाखान्यात आहे."

बरोबरचे दोघं एकमेकांकडं बघू लागले. शितोळे मात्र तिच्याकडंच बघत होते.

"का नाही सांगितलं?"

"तुम्ही येणार होता म्हणून."

त्यांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. "माझ्या विभागात कुणी हे केलं असतं, तर मी त्याला त्याच दिवशी काढलं असतं."

"बरोबर आहे," ती म्हणाली.

नंतर चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, ते निघून गेले. नवव्या दिवशी पत्र आलं. काम कौतुकास्पद आहे, परंतु सध्या पुढं जाता येणार नाही. कारण म्हणून वजनाचा आकडा दिला होता. बाकी कशाचाही उल्लेख नव्हता. अण्णांनी पत्र वाचून घडी केली. पाच माणसांपैकी दोघांना त्यांनी फौंड्रीत घेतलं, एकाला वारणानगरला काम मिळालं. मिस्त्री आणि जोतीराम म्हणाले, आम्ही इथंच थांबतो, बघू.

*

मोनाचा फोन आला तेव्हा तिला घरी नेऊन महिना झाला होता. एवढ्या दिवसांत दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"आई म्हणाली, तू पुण्याच्या माणसासनी समदं सांगितलंस."

"व्हय."

"मला बरं वाटावं म्हणून सांगितलंस काय?"

क्रांतीनं विचार केला. "न्हाय. तवा तू डोक्यात न्हवतीस. आणखी एकदा वायर म्हणायची ताकद न्हवती, एवढंच."

मग मोना म्हणाली, "ते तीनवालं इंजिन कसं चालतंय?"

"जड. मागनं ढकलल्यागत वाटतंय म्हणं. पण दाब हलत न्हाय."

"म्हणं कशाला? तू चालवली न्हाईस?"

"न्हाय."

"मग चालव की. दुसऱ्याला बसवायचं तेवढं येतंय तुला." आणि तिनं फोन ठेवला.

क्रांतीनं दुसऱ्याच दिवशी गाडी माळावर नेली. ती काही शर्यतीची माणूस नव्हती. लांबक्यात पहिल्यांदा शिरताना तिनं पाय उचलला. गाडी तिच्या स्वप्नातल्यासारखी नव्हती. थोडी सुस्त, थोडी बुटक्या बैलासारखी हट्टी. पण वळली. तिनं बारा फेऱ्या मारल्या, उतरून गाडीच्या सावलीत बसली आणि पहिल्यांदाच रडली. मिस्त्री लांब जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी तिनं मोनाला फोन केला आणि प्रत्येक वळणात काय वाटलं ते सांगितलं. मोनानं उलटतपासणी केल्यासारखे प्रश्न विचारले. पुढचं चाक आधी सुटतं की मागचं? ब्रेक सोडल्यावर नाक वर येतंय का? क्रांतीला निम्म्याची उत्तरं आली नाहीत. "परत बस उद्या, आणि बघ," मोना म्हणाली.

मोना श्रावणात काठी घेऊन चालू लागली. डावा पाय बोटभर आखूड राहिला आहे. ती त्या बाजूला जाड तळाचा बूट घालते. दोघींमध्ये पहिल्यासारखं नाही. मोना आता कशावरही विश्वास ठेवत नाही. इंजिन सुरू व्हायच्या आधी लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर ओढते, रेघ न् रेघ बघते, आणि क्रांती तोवर बाजूला उभी राहते. एकदा मोनाला उशीर झाला म्हणून जोतीराम म्हणाला, "मी बघितलंय, ठीक हाय." त्यावर तिनं त्याला असं झापलं की तो पुन्हा बोलला नाही.

दसऱ्याच्या आधी तिसऱ्या सांगाड्याचं आरेखन सुरू झालं, या वेळी पहिल्या रेघेपासून त्या तीन सिलिंडरच्या इंजिनाभोवती. कुणी गिऱ्हाईक नाही, कुणी येणार नाही. आरेखनाच्या कोपऱ्यात वजनाची चौकट असते. क्रांतीनं ती कोरी ठेवली होती. मोनानं पेन्सिल घेतली, थोडा वेळ विचार केला आणि पाचशे चाळीस लिहिलं.

"जमंल?" तिनं विचारलं.

"माहीत न्हाय," क्रांती म्हणाली.

"मग तसंच लिवायचं," म्हणत मोनानं आकड्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं, आणि मागच्या चाकाचा हात कुठून हलका करता येईल ते दोघी बघू लागल्या.